मदत हवी आहे : पाणबुडी गेममध्ये अपघाती मृत्यू कसा दाखवावा?

दुसऱ्या महायुद्धातल्या अटलांटिकवरच्या एका पाणबुडी सिम्युलेशनसाठी मॉड (मूळ गेममध्ये बदल करणारी जोड) बनवतोय. बोट जर्मन टाइप ७-सी, काळ १९४३-४४. मूळ गेममध्ये मरण जवळजवळ नेहमी विनाशिकेच्या डेप्थ चार्जनेच (पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बनेच) येतं. प्रत्यक्षात मे १९४३ या एका महिन्यात जर्मनीच्या ४१ पाणबुड्या गेल्या, आणि त्यांतल्या कितीतरी विमानांनी बुडवल्या.

म्हणून विमानांच्या फेऱ्या वाढवल्या. १० सेंटिमीटरचं रडार आल्यावर मेटॉक्स (शत्रूचं रडार ओळखून इशारा देणारा पाणबुडीवरचा संच) गप्प राहतो. हेजहॉगही (जहाजावरून पुढे फेकले जाणारे, आदळल्यावरच फुटणारे बॉम्ब) बसवलं, नेम चुकला तर स्फोटच नाही. इथवर झकास.

घोडं अडलंय ते शत्रूविना येणाऱ्या मरणापाशी. आपल्याच बोटीशी टक्कर, स्वतःचाच टॉर्पेडो वळून परत येणं (अमेरिकेची टँग पाणबुडी १९४४ मध्ये अशीच गेली) आणि एप्रिल १९४५ ची ती जर्मन पाणबुडी यू-१२०६, शौचालयाच्या गडबडीतून गमावलेली! हे सगळं निव्वळ फाशावर सोडून पाहिलं. चाचणी करणारे वैतागले. काही चूक नसताना तीस तासांची कारकीर्द संपली तर कोण खेळेल? काढून टाकलं, तर समुद्र फारच सभ्य वाटतो.

नुकसानीच्या याद्या माझ्याकडे आहेत, त्या नकोत. शत्रूच्या जहाजांची एआय बंदिस्त आहे, तिथे हात घालता येत नाही. आवाज, गेजचे काटे आणि खलाशांचे संवाद मात्र बदलता येतात.

तर टॉर्पेडो उलटणं, बॅटरीतून क्लोरीन सुटणं, खोलीवरचा ताबा जाणं, या तिन्हींत खऱ्या कप्तानाला आधी काय ऐकू किंवा दिसू शकायचं, आणि सावरायला खेळाडूला साधारण किती सेकंद दिले तर ते खोटं वाटणार नाही?