कुर्दांच्या प्रश्नावर १९९१ साली भारताने तटस्थ राहायला नको होते

रानजाई

५ एप्रिल १९९१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत ठराव क्रमांक ६८८ मताला आला. इराक सरकारने आपल्याच नागरिकांवर, विशेषतः कुर्द भागात (कुर्द म्हणजे इराक, इराण, तुर्कस्तान आणि सीरियात विखुरलेला समाज), चालवलेली दडपशाही थांबवावी आणि मदत संस्थांना देशात सगळीकडे जाऊ द्यावे, ही त्यातली मुख्य मागणी. बळाचा वापर करायची परवानगी त्यात कुठेही नव्हती. दहा देशांनी बाजूने मत दिले. क्यूबा, येमेन आणि झिम्बाब्वे विरोधात गेले. चीन आणि भारत तटस्थ राहिले.

त्या आठवड्यात डोंगरांत काय चालले होते ते आठवू या. फेब्रुवारीत, कुवेतवरून इराकशी युद्ध चालू असताना, अमेरिकेचे अध्यक्ष थोरल्या बुश यांनी इराकी जनतेला जाहीर आवाहन केले की सद्दामला तुम्हीच बाजूला करा. मार्चमध्ये दक्षिणेत शिया आणि उत्तरेत कुर्द उठले. युद्धबंदीच्या बोलण्यांत इराकला हेलिकॉप्टर उडवायची मुभा मिळाली आणि त्याच हेलिकॉप्टरांनी उठाव चिरडला. १६ मार्च १९८८ ला हलब्जा गावात विषारी वायूने सुमारे ५,००० माणसे मेली होती. त्यामुळे हेलिकॉप्टर दिसताच एर्बिल, दोहूक, सुलेमानिया ही शहरे ओस पडली. चार लाखांहून जास्त लोक तुर्कस्तानच्या सीमेवर बर्फात अडकले, दहा लाखांहून जास्त इराणकडे गेले. लहान मुले थंडीने आणि हगवणीने मरत होती.

अशा वेळी आपल्या प्रतिनिधींनी परिषदेत भूमिका मांडली की परिषदेने शांतता आणि सुरक्षेपुरते बोलावे, मानवी मदतीचे काम संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांवर सोपवावे. मला याचा राग येतो, कारण याच्या नेमका उलटा युक्तिवाद आपण १९७१ मध्ये केला होता. पूर्व पाकिस्तानातून एक कोटी माणसे आपल्याकडे आली तेव्हा भारत जगाला सांगत होता की इतके लोक सीमा ओलांडतात तेव्हा तो प्रश्न त्या देशाचा अंतर्गत राहत नाही. ठराव ६८८ मध्ये हेच लिहिले होते: निर्वासितांचे लोंढे सीमेपलीकडे जात असल्याने या भागातल्या शांततेला धोका आहे. आपलाच मुद्दा वीस वर्षांनी समोर आला आणि आपण हात वर केला नाही.

कुर्दांचे वेगळे राष्ट्र व्हावे का, हा प्रश्न मी इथे काढत नाही. आपल्या सरकारला त्यांच्या जिवाबद्दल स्पष्ट बोलता आले पाहिजे, इतकेच माझे म्हणणे आहे.

माधवकाका

धागाकर्तीशी पूर्ण असहमत. मी तेव्हा कुवेतमध्ये नोकरीला होतो. ऑगस्ट १९९० मध्ये इराकी सैन्य शिरले, मग बसने बगदाद, तिथून अम्मान आणि एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. सुमारे १,७०,००० भारतीय असे बाहेर पडले. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री गुजराल बगदादला जाऊन सद्दामला भेटले म्हणून त्यांच्यावर जगभर टीका झाली, पण बगदादशी बोलणे चालू होते म्हणूनच आमच्या बस निघाल्या.

आता एप्रिल १९९१ चा विचार करा. चंद्रशेखर यांनी मार्चमध्येच राजीनामा दिला होता, सरकार काळजीवाहू होते. तिजोरीत परकीय चलन नव्हते. काश्मीर पेटलेले होते आणि पाकिस्तान तो प्रश्न प्रत्येक व्यासपीठावर नेत होता. इराक हा काश्मीरवर आपली बाजू समजून घेणाऱ्या थोड्या मुस्लिम देशांपैकी एक. एखादे सरकार आपल्या नागरिकांशी कसे वागते यावर सुरक्षा परिषदेने ठराव करायचा, या पायंड्याला भारताने त्या वर्षी आपल्या सहीने बळ द्यायचे?

आणि ठरावात बळाची परवानगी नव्हती म्हणता, मग पुढे काय झाले? अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स यांनी त्याच ठरावाचा हवाला देऊन ३६ व्या अक्षांशाच्या वर उड्डाणबंदी लावली. तिच्या नावाखाली इराकवर २००३ पर्यंत बॉम्ब पडत राहिले. आपल्या प्रतिनिधींना हेच दिसत होते.

रानजाई

काका, कुवेतमधून तुम्हा सगळ्यांना आणले ते १९९० च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये. एप्रिल १९९१ मध्ये ते कारण उरले नव्हते. आणि सरकार इतके तत्त्वाला धरून असते तर जानेवारीत मुंबईच्या विमानतळावर अमेरिकी लष्करी विमानांना इंधन कोणी भरू दिले? याच चंद्रशेखर सरकारने. विरोध झाल्यावर ते थांबले. इराकवर जाणाऱ्या विमानांना इंधन चालले आणि डोंगरातल्या कुर्दांसाठी एक मत जड झाले.

पायंड्याचे म्हणाल तर तो आपणच घालून दिला होता. ४ जून १९८७ ला आपल्या हवाई दलाच्या विमानांनी श्रीलंकेची परवानगी न घेता जाफनावर अन्नधान्य टाकले. सोबत मिराज होती. वेढ्यात अडकलेल्या तमिळांसाठी आपण कोलंबोचे सार्वभौमत्व बाजूला ठेवले. मला ते तेव्हाही योग्य वाटले होते.

कोकणकडा

जाफनाचे उदाहरण दिलेत तर ते शेवटपर्यंत सांगायला हवे. त्या मदतीपाठोपाठ दोन महिन्यांच्या आत आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली. आपले सुमारे १,२०० जवान तिथे मेले. ज्यांना वाचवायला गेलो त्यांच्याशीच लढलो, आणि २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरमध्ये राजीव गांधींची हत्या झाली, म्हणजे ठराव ६८८ नंतर दीड महिन्याने. चांगल्या हेतूने दुसऱ्याच्या घरात शिरल्यावर काय होते ते दिल्लीला १९९१ मध्ये पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

कुर्दांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा इतिहासही पाहा. सत्तरच्या दशकात निक्सन आणि किसिंजर यांनी इराणच्या शहामार्फत इराकी कुर्दांचे नेते मुल्ला मुस्तफा बारझानींना शस्त्रे पुरवली. मार्च १९७५ मध्ये शहा आणि सद्दाम यांचा अल्जिअर्समध्ये समझोता झाला आणि मदत रातोरात बंद. बारझानी अमेरिकेत निर्वासित म्हणून वारले. १९८८ मध्ये हलब्जा आणि अनफाल या सद्दामच्या कुर्दविरोधी मोहिमेनंतर अमेरिकी सिनेटने इराकवर निर्बंध घालणारे विधेयक एकमताने मंजूर केले, पण रेगन प्रशासनाने विरोध केला आणि ते कायदा झालेच नाही. उलट इराकला धान्यखरेदीचे कर्ज चालूच राहिले. ऑक्टोबर २०१९ मध्ये ट्रम्प यांनी तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान यांच्याशी फोनवर बोलून ईशान्य सीरियाच्या सीमेवरून सैन्य मागे घेतले आणि तीन दिवसांत तुर्की तोफा सुरू झाल्या. आयसिसशी लढताना ज्यांचे सुमारे ११,००० लोक मेले त्या कुर्दांच्या नेतृत्वाखालच्या सैन्याशी हे वागणे.

भारताने त्यांना कधी खोटी आशा दाखवली नाही. तटस्थ राहून आपण त्यांना कमी फसवले आहे, असे मी ठामपणे म्हणेन.

उत्तरा

मी स्टॉकहोममध्ये बारा-तेरा वर्षे आहे. इथे कुर्द मोठ्या संख्येने आहेत, संसदेतही होते. एकट्या अपक्ष कुर्द खासदार अमीना काकाबावे यांच्या मतावर इथले सरकार एकदा टिकले होते. तरी जून २०२२ मध्ये माद्रिदला स्वीडन आणि फिनलंडने नाटोत शिरण्यासाठी तुर्कस्तानशी करार केला, त्यात सीरियातल्या कुर्द संघटनेला पाठिंबा न देण्याचे लिहून दिले. २०१९ च्या हल्ल्यानंतर थांबवलेली शस्त्रविक्री पुन्हा खुली केली. दहशतवादाचा कायदा कडक केला. मार्च २०२४ मध्ये स्वीडन नाटोत गेले. माझ्या शेजारच्या कुर्द कुटुंबात त्या काळात जी धास्ती होती ती मी जवळून पाहिली आहे.

हे कोकणकडांच्या बाजूचे वाटेल, पण मी निष्कर्ष वेगळा काढते. इथे वर्तमानपत्रांत, संसदेत, रस्त्यावर दोन वर्षे भांडण झाले. सरकारला तुर्कस्तानने मागितलेल्या प्रत्येक प्रत्यार्पणाचे उत्तर द्यावे लागले आणि काही मागण्या इथल्या सर्वोच्च न्यायालयाने अडवल्या. नेदरलँड्सनेही सद्दामला रसायने विकणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यावर खटला भरून त्याला २००५ मध्ये शिक्षा दिली. भारतात १९९१ च्या मतावर संसदेत तासभर तरी चर्चा झाली असती तर मला निम्मे समाधान वाटले असते.

माधवकाका

उत्तराताई, लोकसभा १३ मार्च १९९१ ला विसर्जित झाली होती. चर्चा करणार कोण?

रानजाई

मग २०१९ घेऊ. तेव्हा भक्कम बहुमताचे सरकार होते. तुर्कस्तानने हल्ला केल्यावर दुसऱ्याच दिवशी परराष्ट्र मंत्रालयाने निवेदन काढले, एरवी इतक्या लवकर ते बोलत नाही. एकतर्फी लष्करी कारवाईबद्दल तीव्र चिंता, नागरिकांच्या हालांचा उल्लेख, संयम बाळगा, सीरियाच्या सार्वभौमत्वाचा आदर करा, हे सगळे होते. कुर्द मात्र कुठेच नव्हते. आणि दोनच आठवडे आधी एर्दोगान यांनी संयुक्त राष्ट्रांत काश्मीरवर भाषण केले होते. ते भाषण झाले नसते तर हे निवेदन इतक्या तातडीने निघाले असते का? मला वाटत नाही. २०२२ मध्ये इराणमधल्या साकेजच्या कुर्द तरुणी जिना महसा अमिनीचा पोलीस कोठडीनंतर मृत्यू झाला, इराणच्या कुर्द गावांत गोळीबार झाले आणि मानवाधिकार परिषदेत चौकशी समितीचा ठराव आला. त्यावर भारत पुन्हा तटस्थ. तुर्कस्तानशी बिनसलेले असते तेव्हा चिंता, इराणशी चाबहार बंदराचे काम असते तेव्हा मौन.

नितीन_नांदेड

मी थोडे वेगळे मांडतो. जून २०१४ मध्ये इराकमधले मोसुल आयसिसच्या हाती पडले तेव्हा तिकरीतच्या रुग्णालयात ४६ भारतीय नर्स अडकल्या, बहुतेक केरळच्या. आयसिसने त्यांना मोसुलला नेले आणि शेवटी सोडले. त्या बाहेर पडल्या त्या एर्बिलमार्गे, म्हणजे कुर्दांच्या ताब्यातल्या शहरातून. ५ जुलैला विमान तिथूनच कोचीला आले. मोसुलमधले ३९ मजूर मात्र मारले गेले. २०१६ मध्ये आपण एर्बिलला वाणिज्य दूतावास उघडला. आज त्या भागात भारतीय कामगार आहेत, तिथले रुग्ण उपचारासाठी आपल्याकडे येतात.

हे सगळे न्यूयॉर्कमधल्या मतदानापेक्षा महत्त्वाचे आहे. सप्टेंबर २०१७ च्या इराकी कुर्दांच्या सार्वमतात ९२ टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वातंत्र्याला कौल दिला, इस्रायल सोडता उघड पाठिंबा कोणी दिला नाही आणि महिन्याभरात किरकुक शहर कुर्दांच्या हातून गेले. आपला दूतावास त्या पडझडीतही चालू राहिला. इराक एकसंध हवा म्हणायचे आणि एर्बिलशी थेट संबंधही ठेवायचे, हे दोन्ही जमते. घोषणा करून जमले नसते.

रानजाई

नितीन, दूतावासाचे स्वागतच आहे. पण एर्बिलला एवढी स्थिर स्वायत्तता कशामुळे मिळाली? १९९१ च्या त्याच संरक्षणामुळे. मे १९९२ मध्ये तिथे निवडणूक झाली, संसद बसली. ज्या छपराखाली आपल्या नर्स सुरक्षित पोहोचल्या ते उभारताना आपण बाजूला उभे होतो.

काकांचा धोक्याचा मुद्दा मी उडवून लावत नाही. पण मत बाजूने देऊन, याचा अर्थ लष्करी कारवाईला संमती असा घेऊ नये, अशी नोंद करता येते. परिषदेत मतामागचे कारण सांगायची रीत आहेच.

माधवकाका

अशा नोंदी मोठ्या देशांनी कधी वाचल्या आहेत? मार्च २०११ मध्ये लिबियाच्या ठरावात बळाची परवानगी फक्त नागरिकांच्या संरक्षणासाठी होती. भारत, ब्राझील, जर्मनी, रशिया, चीन तटस्थ राहिले. नाटोने त्याचा अर्थ गद्दाफी जाईपर्यंत बॉम्बफेक असा लावला. आज लिबियात दोन सरकारे आहेत.

आणखी एक. इराकी कुर्दांवर विमानांचे छत्र धरले होते तेव्हा तुर्कस्तान त्याच छत्राखाली घुसत होता. मार्च १९९५ मध्ये ३५,००० तुर्की सैनिक उत्तर इराकमध्ये शिरले. त्याच दशकात आग्नेय तुर्कस्तानात हजारो कुर्द गावे रिकामी केली गेली, लेला झाना या खासदार तुरुंगात गेल्या. वॉशिंग्टनने त्यावर ठराव आणला नाही, कारण तुर्कस्तान नाटोत होते आणि तिथला इंजिर्लिकचा हवाई तळ हवा होता. निवडक दया दाखवणाऱ्यांच्या रांगेत भारताने उभे राहावे असे मला वाटत नाही.

उत्तरा

काका, पण निवडकपणा भारतही करतोच. मार्च २०१२ मध्ये मानवाधिकार परिषदेत श्रीलंकेविरुद्धच्या ठरावाला भारताने बाजूने मत दिले, तेही एका देशाचे नाव घेऊन. चेन्नईतले पक्ष पाठीमागे लागले होते म्हणून. कुर्दांसाठी आपल्या कुठल्याच राज्यात मोर्चा निघत नाही. तत्त्व तेच असते, फक्त मागणी करणारे कोणी नसते, आणि मला वाटते मराठी वाचकांनी ती करायला हरकत नाही.

माधवकाका

२०१४ मध्ये त्याच श्रीलंकेच्या प्रश्नावर भारत पुन्हा तटस्थ राहिला, कारण त्या वेळी ठरावात बाहेरची चौकशी होती. २०१२ मध्ये कोलंबोला स्वतःच्याच आयोगाच्या शिफारशी अमलात आणायला सांगितले होते, म्हणून मत दिले. माझ्या लेखी रेषा तिथेच आहे. सरकारला त्याच्याच शब्दाची आठवण करून द्या, अन्न-औषधे पाठवा, पण चौकशीचा आणि विमानांचा अधिकार बाहेरच्यांच्या हाती देऊ नका. ठराव ६८८ ती रेषा ओलांडत होता.

रानजाई

६८८ मध्ये मागितले होते ते मदत संस्थांना वाट देणे. विमाने नंतर आली, हे तुम्हीच वर लिहिले आहे; ठरावात त्यांची परवानगी नव्हती. तुमची रेषा मला मान्य आहे, काका. त्याच रेषेने पाहिले तर ५ एप्रिलचे मत बाजूने पडायला हवे होते.