पगाराची तुलना : कोणत्या पिढीची कोणत्या पिढीशी?

(सोसायटीतली चर्चा; नावांच्या जागी फ्लॅट क्रमांक. ए-१०१ मधल्या काकांनी विचारलं : पगार कुणाचा बरा, आमच्या पिढीचा की आजच्या तरुणांचा?)

ए-५०२ : काका, आजच्या पंचावन्न वर्षांच्या माणसाचा पगार आजच्या तिशीतल्याच्या शेजारी ठेवला तर दिसतो तो अनुभवाचा फरक. पिढीचा फरक पाहायचा तर १९९० मधले तिशीतले आणि २०२० मधले तिशीतले घ्या, आणि आधी महागाई काढून टाका. वर्षाला ६ टक्के धरली तर ३० वर्षांत भाव ५.७ पट होतात.

सी-१०४ : आणि सरासरी नको, मध्यक घ्या, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा. मूठभर बड्या पगारांनी सरासरी फुगते.

बी-२०३ : तरी गोची उरतेच. जन्मवर्ष आणि चालू वर्ष कळलं की वय ठरूनच जातं. त्यामुळे वय, काळ आणि पिढी यांचे परिणाम काहीतरी गृहीत धरल्याशिवाय सुटे करता येत नाहीत. गृहीतक न सांगता कुणी टक्केवारी फेकली तर ती सोडून द्या.

ए-१०१ : बरं, पण संगणक आल्यावर शिकलेल्या सगळ्यांचाच भाव वधारला ना?

ए-५०२ : सगळ्यांचा सारखा नाही. कार्ड आणि लेम्यू या अर्थतज्ज्ञांनी २००१ मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडाचे आकडे मांडले. पदवीधर आणि शाळेवर थांबलेले यांच्या पगारातली दरी तरुणांत रुंदावली, वयस्कांत फारशी हलली नाही. संगणक तर दोघांच्याही टेबलावर आला होता! फरक पुरवठ्याचा : १९५० च्या दशकापासून जन्मलेल्यांत पदवीधरांचं प्रमाण वाढायचा वेग मंदावला, मागणी चढतीच राहिली. नवख्याच्या जागी मुरलेला माणूस जसाच्या तसा बसवता येत नाही, म्हणून टंचाईचा फायदा तरुण पदवीधरांना झाला.

सी-१०४ : वरच्या खुर्च्या अडतात तेही धरा. इटलीने २०११ मध्ये निवृत्ती पुढे ढकलली. ज्या कंपन्यांत ज्येष्ठ जास्त अडकले, तिथे धाकट्यांची पगारवाढ आणि बढती रखडली. बढतीच्या जागा मुळातच कमी, तिथे जास्तच रखडली.

ए-१०१ : म्हणजे आम्ही लवकर घरी बसावं?

सी-१०४ : नाही हो काका. कंपनीत खुर्च्या मोजक्या असतात, देशात काम मोजकं नसतं. कमावणारा ज्येष्ठ खर्चही करतो, त्यातून दुसऱ्याला काम मिळतं.

बी-२०३ : मंदीत पदवी घेतलेल्यांना वेगळं तपासा. कॅनडात त्यांच्या पगारातली तूट भरून यायला साधारण १० वर्षं लागली, आणि भरली ती बऱ्याच अंशी जास्त पगार देणाऱ्या कंपन्यांत गेल्यामुळे. तेव्हा नुसता पहिला पगार विचारू नका, सुरुवातीच्या वर्षांत नोकरी बदलली का तेही विचारा.