विषय: शाळेच्या पाण्याच्या टाक्यांचे पैसे अडले आहेत, निर्णय हवा

प्रेषक: माजी चिटणीस (सध्या मुक्काम सोलापूर)
१८ डिसेंबर २०२५

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

आज सकाळी शाळेत जाऊन आलो. शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या खजिनदारांनी परदेशातल्या आपल्या मंडळाचे पैसे घेण्यास नम्रपणे पण स्पष्ट नकार दिला. त्यांच्या संस्थेकडे परकीय देणगी स्वीकारण्याची नोंदणी नाही आणि ती नसताना आपल्या खात्यातून एक रुपया जरी आला, तरी संस्था अडचणीत येईल, असे त्यांनी सांगितले. दुकानदाराचा भाव ३१ डिसेंबरपर्यंतच कायम आहे. पाच हजार लिटरच्या दोन टाक्या, विटांचा चौथरा, दहा तोट्या आणि जोडणी मिळून १ लाख ७२ हजार रुपये होतात. गवंडी जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या आधी काम धरायला तयार आहे. एकदा गड्डा, म्हणजे यात्रेचा बाजार भरला, की तो लवकर हाती लागणार नाही. तेव्हा पैसे कोणत्या वाटेने द्यायचे, हे या आठवड्यातच ठरायला हवे.

मुख्याध्यापिकाबाईंनी मला मुलींचे स्वच्छतागृह दाखवले. त्याला कुलूप होते. शाळेच्या भागात पाणी येऊन चार दिवस झाले होते आणि शाळेची एकुलती एक टाकी दुसऱ्याच दिवशी रिकामी झाली होती. अशा दिवशी आठवी-नववीच्या मुली मधल्या सुट्टीत घरी जातात आणि बहुतेक जणी परत येत नाहीत. बाईंनी मला हजेरीपत्रक उघडून दाखवले. दुपारच्या हजेरीतल्या रिकाम्या चौकटी पाहून पाण्याचा दिवस कोणता होता, हे बोट ठेवून सांगता येत होते.

आपला,
माजी चिटणीस


प्रेषक: कोषाध्यक्ष
१८ डिसेंबर २०२५

नमस्कार.

संस्थेच्या खजिनदारांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. सीना नदीच्या पुराच्या वेळी मी हेच लिहिले होते आणि तेव्हा काही सभासदांना माझा राग आला होता, म्हणून या वेळी सविस्तर लिहितो.

भारताच्या परकीय अंशदान विनियमन अधिनियम, २०१० नुसार परदेशात नोंदलेले आपले मंडळ हा ‘परकीय स्रोत’ आहे. आपण सगळे घरी मराठी बोलतो आणि निम्मे जण सोलापूर जिल्ह्यातले आहेत, याने त्यात फरक पडत नाही. आपली देणगी घेण्यासाठी संस्थेकडे केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा त्या देणगीपुरती पूर्वपरवानगी असावी लागते. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच जमा व्हावी लागते. ‘पुण्यातल्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेला पैसे देऊ आणि ती सोलापूरच्या शाळेला देईल’ ही जुनी वाटही त्याच दुरुस्तीने बंद झाली आहे. एका संस्थेने घेतलेले परकीय अंशदान दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही.

एक वाट मात्र खुली आहे. ज्या सभासदांचे नागरिकत्व अजून भारतीय आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत, वैयक्तिक नावाने दिलेली देणगी परकीय अंशदान मानली जात नाही. मंडळाच्या खात्यातून देता येणार नाही, सभासद आपापल्या खात्यातून देऊ शकतात.

कोषाध्यक्ष


प्रेषक: ज्येष्ठ सभासद
१९ डिसेंबर २०२५

चिरंजीव चिटणीसांस आणि सर्वांस,

पैशाच्या वाटेआधी मला टाक्यांविषयीच बोलायचे आहे, कारण माझा या योजनेला विरोध आहे आणि तो सभेत नोंदवला गेला नव्हता.

१९७२ च्या दुष्काळात मी सोलापुरात महाविद्यालयात शिकत होतो. तेव्हा पाणीच नव्हते, त्यामुळे कोणाला दोष द्यावा, असा प्रश्न नव्हता. पुढे १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्याचे धरण आपल्याच जिल्ह्यात, शहरापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर उभे आहे. या पावसाळ्यात ते भरले, दरवाजे उघडले, भीमेला पाणी सोडले. एवढे असूनही शहराला चार-पाच दिवसांआड पाणी येत असेल, तर ही टंचाई पावसाची नाही. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचे नाव आले, तेव्हा पत्रांच्या याच यादीवर आपण एकमेकांचे अभिनंदन केले होते. त्यानंतर उजनी ते सोलापूर या दररोज १७० दशलक्ष लिटर क्षमतेच्या समांतर जलवाहिनीवर आपण किती पत्रे लिहिली, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. प्रत्येक घराने हौद बांधला, प्रत्येक सोसायटीने टाकी चढवली, आणि ज्याच्याकडे साठवायला जागा आहे, त्याला पाणी रोज आले काय आणि पाचव्या दिवशी आले काय, सारखेच वाटू लागले. उरले ते साठवायला जागा नसलेले लोक, आणि त्यांच्या वतीने बोलायला आता कोणी नाही. शाळेला टाक्या देऊन आपण त्याच सवयीत भर घालणार आहोत. मंडळाने महापालिकेला सह्यांचे निवेदन द्यावे, असे माझे मत आहे.

जिल्ह्यातल्या उसाने किती पाणी प्यायचे, हा प्रश्नही कोणीतरी विचारायला हवा.


प्रेषक: सभासद (माळशिरस)
१९ डिसेंबर २०२५

अण्णा, केवळ आपल्या शेवटच्या वाक्याला उत्तर देते.

माझे वडील आणि दोन्ही भाऊ ऊस लावतात. राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात आहेत आणि ऊस पाणी जास्त पितो, हे मला मान्य आहे. परंतु हमीभावाने गाडी भरून नेणारे दुसरे पीक माझ्या वडिलांना कोणी दाखवले नाही. आमच्याकडे आता ठिबक आहे. शिवाय शहरासाठी उजनीतून भीमेच्या पात्रात पाणी सोडून ते, शहर जिथून पाणी उचलते त्या औज बंधाऱ्यापर्यंत वाहवत न्यायचे, वाटेत त्यातले किती जिरते आणि किती उडून जाते याचा हिशेब शहराने मांडायचा नाही, आणि कोरड्या नळाचा दोष उसाला द्यायचा, हे मला न्याय्य वाटत नाही. नळाचे पाणी नळातूनच यायला हवे होते, आणि ते काम शेतकऱ्याचे नव्हते.


प्रेषक: माजी चिटणीस (सोलापूर)
२० डिसेंबर २०२५

अण्णांस सादर नमस्कार.

आपले मत मला पटते आणि तरीही टाक्या हव्यात, असे मी म्हणतो. का, ते सांगतो.

परवा रात्री पावणेदोन वाजता गल्लीत भांड्यांचा आवाज सुरू झाला. आई आधीच जागी होती. हौदाजवळ खुर्ची टाकून, हातात विजेरी घेऊन बसली होती. नळातून प्रथम बराच वेळ नुसती हवा येते, मग खाकरल्यासारखा आवाज करून मातकट पाणी येते. ते झाडांना घालायचे आणि मग हंडा लावायचा. आमचा हंडा अर्धा भरला असेल नसेल, तोच शेजारी कोणीतरी नळाला थेट मोटार जोडली आणि आमच्या नळाची धार करंगळीएवढी झाली. आईने काहीही न बोलता हंड्याखालचा पाट काढून घेतला, कारण नळ जितका खाली, तितकी धार बरी. एकोणऐंशी वर्षांच्या बाईला हे ठाऊक असावे, याचे मला वाईट वाटले.

समोरच्या खोलीत एक कुटुंब राहते. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर रात्रपाळीला असतात. त्यांच्या घरी हौद नाही. दोन पिंपे, सात घागरी आणि स्वयंपाकाची पातेली एवढीच साठवण आहे. नववीतली मुलगी पहाटे चारपर्यंत पाणी भरत होती. पाणी कधी येणार, हे पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला विचारावे लागते, आणि पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्राची वीज गेली किंवा जलवाहिनी फुटली, की त्यालाही सांगता येत नाही. ती मुलगी त्या दिवशी शाळेत गेली नाही. ती याच शाळेत शिकते, हे मला बाईंच्या हजेरीपत्रकावरून नंतर कळले.

टाक्यांनी तिची रात्र वाचणार नाही, हे मला मान्य आहे. परंतु ती शाळेत आली, तर तिला पाचव्या तासापर्यंत तिथे थांबता येईल.

निवेदनाबद्दल म्हणाल, तर ते कोणाला द्यायचे? मार्च २०२२ पासून महापालिकेत प्रशासक आहेत. पूर्वी पाणी आले नाही, की पूर्व भागातल्या बायका घागरी घेऊन नगरसेवकाच्या दारात जात असत. आता जायला ते दारही राहिलेले नाही. १५ जानेवारीला मतदान आहे. निवडून आलेले सभागृह बसले, की निवेदन घेऊन मी स्वतः जाईन, आणि त्याचा मसुदा आपणच लिहावा, अशी माझी विनंती आहे. ऑक्टोबरपासून होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून मुंबईचे विमान उडते आणि त्याचा मला खरोखर आनंद आहे. ज्या शहराने विमान आणले, त्याला पाण्याचे वेळापत्रक पाळता येणार नाही, असे मी मानत नाही.


प्रेषक: सभासद (शाळेचा माजी विद्यार्थी)
२० डिसेंबर २०२५

कोषाध्यक्षांचे पत्र तीनदा वाचले.

टाक्यांची कल्पना मी मांडली होती. मी त्याच शाळेत पाचवी ते दहावी शिकलो. माझे वडील जुन्या मिलच्या भोंग्यावर वाढले आणि पुढे चादरीच्या मागावर बसले. आमच्या घरी तेलुगू बोलत आणि मराठी मी त्या शाळेत शिकलो. सहा वर्षांपूर्वी मुलांच्या शिक्षणासाठी मी येथील नागरिकत्व घेतले. त्यामुळे आज या यादीवर ज्याने सोलापूर कधी पाहिले नाही, असा भारतीय पारपत्र असलेला सभासद माझ्या शाळेला देणगी देऊ शकतो आणि मी देऊ शकत नाही, असाच याचा अर्थ आहे ना? माझ्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीयाचे) कार्ड आहे आणि सोलापुरातल्या बँकेत रुपयांचे खातेही आहे. त्या खात्यातून रुपयांत दिले तर?

तेही चालत नसेल, तर मी आईच्या खात्यावर पैसे पाठवतो आणि ती शाळेला देईल. आईला पैसे पाठवायला तर कोणी अडवलेले नाही.


प्रेषक: कोषाध्यक्ष
२१ डिसेंबर २०२५

आपल्या पत्रातली वेदना मला कळते. माझा धाकटा भाऊ याच स्थितीत आहे. तरीही कायदा सांगणे माझे काम आहे.

ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. परकीय नागरिकाने दिलेली देणगी डॉलरमध्ये असो की रुपयांत, ती परकीय अंशदानच ठरते. पाहायचे ते देणाऱ्याचे नागरिकत्व, चलन नाही.

आईला पैसे पाठवण्यास हरकत नाही. जुलै २०२२ पासून नातेवाइकांकडून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत रक्कम शासनाला न कळवता घेता येते. मात्र ती सवलत नातेवाइकाला दिलेल्या रकमेपुरती आहे, शाळेच्या देणगीसाठी नाही. आपण याच यादीवर हेतू लिहून मग ती रक्कम शाळेकडे वळवली, तर प्रश्न आपल्याला विचारला जाणार नाही, आपल्या आईला आणि शाळेच्या खजिनदारांना विचारला जाईल. पंचाहत्तरीच्या बाईंना खुलासा लिहायला लावू नये, एवढीच माझी विनंती आहे.


प्रेषक: सांस्कृतिक समिती
२१ डिसेंबर २०२५

सर्वांस नमस्कार.

चर्चा कायद्याकडे गेली, म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात नोंदवतो. दिवाळीच्या नाटकाच्या तिकिटांतून जमलेला निधी सांस्कृतिक समितीने उभा केला आहे. तो सोलापूरला पाठवता येत नसेल, तर त्याचे काय करायचे, हे सर्वसाधारण सभेतच ठरावे, परस्पर ठरवले जाऊ नये. तसेच टाक्या सभासदांच्या पैशांतून झाल्या, तरी चौथऱ्यावर मंडळाच्या नावाची फरशी बसवावी, कारण तिकिटे विकताना आम्ही प्रेक्षकांना तसे सांगितले होते.


प्रेषक: माजी चिटणीस (सोलापूर)
२३ डिसेंबर २०२५

सर्वांस नमस्कार.

काल खजिनदार आणि मुख्याध्यापिकाबाई या दोघांबरोबर बसून पुढीलप्रमाणे ठरवले आहे.

भारतीय नागरिकत्व असलेल्या सभासदांनी आपल्या वैयक्तिक खात्यातून थेट शाळेच्या खात्यात रक्कम भरावी आणि सोबत भारतीय पारपत्राच्या पहिल्या पानाची प्रत व स्वतःच्या बचतीतून देत असल्याचे सहीचे पत्र द्यावे. पावती ज्याच्या त्याच्या नावाने मिळेल. कोणीही दुसऱ्याचे पैसे आपल्या खात्यात घेऊन भरू नयेत. कोषाध्यक्षांनी हे वाचून संमती कळवली आहे.

नाटकाच्या निधीला कोणीही हात लावलेला नाही. तो सभेपुढे येईल. फरशीच्या बाबतीत मात्र मी समितीशी सहमत नाही. मंडळाने पैसे दिलेले नाहीत, असे कागदावर लिहायचे आणि चौथऱ्यावर मंडळाचे नाव कोरायचे, यामुळे संस्थेचीच पंचाईत होईल. प्रेक्षकांना काय झाले ते पत्राने कळवावे, त्याचा मजकूर मी लिहून देतो.

आपल्या माजी विद्यार्थी मित्राशी रात्री तासभर बोललो. ते यात्रेसाठी येत आहेत. नंदीध्वजांची मिरवणूक आणि संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा पाहिल्याला त्यांना अकरा वर्षे झाली. त्यांनी आईच्या खात्याची कल्पना सोडून दिली आहे. गवंडी कामावर असेल तोवर रोज सकाळी शाळेत उभा राहीन, एवढे त्यांनी मागून घेतले आणि बाईंनी आनंदाने होकार दिला. विटा कशा भिजवतात, हे मला कळत नाही, त्यांना कळते.

आजवर १९ सभासदांची नावे आली आहेत. प्रत्येकी ८,२०० रुपयांप्रमाणे १ लाख ५५ हजार ८०० रुपये होतात, म्हणजे १६ हजार २०० रुपये कमी पडतात. आणखी दोन नावे २८ तारखेच्या रात्रीपर्यंत हवी आहेत. अण्णांनी विरोध कायम ठेवून आपले नाव दिले आहे, ते या १९ मध्ये धरले आहे.

एक बदल कळवायचा राहिला. चौथरा तीन फुटांचा धरला होता, पण पाचवीच्या मुलांचा हात पोहोचत नाही, असे बाईंनी दाखवून दिले. म्हणून दहापैकी चार तोट्या खालच्या अंगाला घेत आहोत. खर्च तेवढाच राहील.

आपला,
माजी चिटणीस