कर्ज फिटलं, आता काटकसर चालू ठेवायची आहे, पण रडतखडत नाही. कशी?

नवी_वही

शेवटचा हप्ता गेला. घरात दोन मोठी माणसं आणि एक शाळकरी मूल. हप्ता उत्पन्नाच्या ४० टक्के होता, म्हणजे घर आजवर ६० टक्क्यांत चाललं. आता तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

मोकळे झालेले ४० टक्के कोणत्या क्रमाने कुठे लावावेत? कुठली काटकसर पुढेही चालू ठेवण्यात अर्थ आहे आणि कुठली नुसतीच जिवाला त्रास? आणि फारसे पैसे न लागता मन रमेल असं काय करता येतं? 'पुस्तकं वाचा, निसर्गात जा' हे सगळेच सांगतात; दुसऱ्या आठवड्यात ते का गळतं आणि गळू नये म्हणून काय करावं, हे कोणी सांगत नाही. तेवढं सांगितलंत तर बरं होईल.

जमाखर्च

पैशांआधी कागद. शेवटचा हप्ता खात्यातून गेला म्हणजे कर्ज बंद झालं असं नाही. किरकोळ व्याज किंवा शुल्क बाकी राहिलेलं असू शकतं. कर्ज पूर्ण फिटल्याचा लेखी दाखला घ्या. तारण ठेवलेली मूळ कागदपत्रं यादीशी ताडून परत घ्या, मालमत्तेवरचा बोजा सरकारी नोंदीतून उतरवून घ्या, आगाऊ सही करून दिलेले चेक परत मागा आणि खात्यावरची ऑटो-डेबिटची सूचना रद्द करा. विमा पॉलिसी कर्जापोटी दुसऱ्याच्या नावे केलेली असेल तर तीही सोडवून घ्या, हे हमखास विसरलं जातं. दीड-दोन महिन्यांनी पतअहवाल (तुमच्या कर्जांची आणि फेडीची नोंद असलेला क्रेडिट रिपोर्ट) काढून बघा. तिथे खातं 'क्लोज्ड' दिसायला हवं. 'सेटल्ड' दिसत असेल तर त्याचा अर्थ तडजोडीने कमी रकमेत मिटवलं असा होतो, आणि पुढच्या कर्जाच्या वेळी ते आड येतं. पूर्ण फेडलेलं असेल तर दाखला जोडून लगेच दुरुस्ती मागा.

आता पैसे. हप्त्याची जी तारीख होती त्याच तारखेला तेवढीच रक्कम आपोआप दुसऱ्या खात्यात वळवा. दोन-तीन महिने 'बघू' म्हणत ठेवलेली रक्कम रोजच्या खर्चात मुरते आणि नंतर ती काढायला गेलं की पगार कमी झाल्यासारखं वाटतं.

उत्पन्न १०० धरलं तर सध्याचा खर्च ६०. सहा महिन्यांची गंगाजळी, म्हणजे अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेला सहा महिन्यांचा खर्च, ३६०. दरमहा ४० बाजूला टाकले तर ती ९ महिन्यांत उभी राहते. समजा, आता मोकळे झालो म्हणून खर्च ८० वर गेला. मग सहा महिन्यांची गंगाजळी ४८० लागते आणि दरमहा उरतात २०, म्हणजे २४ महिने. खर्च वाढला की गरजही वाढते आणि शिल्लकही घटते. मार दोन्ही बाजूंनी बसतो. काटकसरीचं खरं बळ याच उलट गणितात आहे, पाच-दहा वस्तू स्वस्तात मिळण्यात नाही.

तरी सगळे ४० गंगाजळीत टाकू नका. माझ्या मते ३० गंगाजळीला, ५ वार्षिक खर्चांच्या डब्यात आणि ५ मजेला. या हिशेबाने १२ महिन्यांत सहा महिन्यांची तजवीज होते. पहिल्या दोन महिन्यांतच एका महिन्याचा खर्च हाताशी येतो, आणि अचानक उद्भवलेल्या बहुतेक दुरुस्त्या तेवढ्यात निभावतात.

वार्षिक डबा हलका समजू नका. कर्जातून सुटलेली घरं पुन्हा अडकतात ती बऱ्याचदा विमा, शाळेची फी, कर, वाहनाची देखभाल अशा तारीख आधीपासून माहीत असलेल्या खर्चांपायीच. वर्षभराची यादी करून बेरजेला १२ ने भागा. फक्त पहिल्या वर्षी हे गणित फसतं, कारण डबा भरायच्या आतच बिलं येतात. त्यामुळे पहिल्या वर्षी प्रत्येक बिलाला उरलेल्या महिन्यांनी भागायचं. १२ चं बिल ४ महिन्यांवर असेल तर आता दरमहा ३, त्यानंतर दरमहा १. सुरुवातीला ५ पुरले नाहीत तर गंगाजळीचा वेग थोडा कमी करा, पण डबा रिकामा ठेवू नका.

दुरुस्तीवाला

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. कर्जाच्या वर्षांत पैसा वाचतो त्यातला काही भाग खरा वाचलेला नसतो, नुसता पुढे ढकललेला असतो. किडलेला दात, झिजलेले टायर, भिंतीतली ओल, चष्म्याचा जुना नंबर. आधी या साचलेल्या कामांची यादी करा आणि थांबलं की महाग होणारी कामं सगळ्यात वर घ्या. दात भरून घ्यायचा राहिला की प्रकरण रूट कॅनालवर जातं. ओल राहिली की गिलावा पडतो. चालू ठेवल्यास नुकसान करणारी काटकसर ती हीच. पहिले काही महिने मजेचा हिस्सा कमी करून इथे लावला तरी चालेल.

चालू ठेवण्याजोगी काटकसर म्हणजे एकदा करून विसरता येते ती. ६० वॅटचा जुना दिवा रोज ५ तास लागला तर वर्षाला साधारण ११० युनिट खातो. तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी सुमारे १६. फ्रिजचं तापमान आत ४ अंशांच्या आसपास आणि फ्रीझरचं उणे १८ पुरे, त्याहून थंड ठेवण्यात फायदा नाही. दाराच्या रबराची परीक्षा सोपी आहे: कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज सुटून आली तर रबर सैल झालंय. आधी कोमट साबणपाण्याने पुसून बघा, बऱ्याचदा मळामुळेच ते चिकटत नाही. मागची जाळी उघडी असेल तर प्लग काढून तिच्यावरची धूळ झाडा, नाहीतर कंप्रेसर जास्त वेळ चालत राहतो. पाणी गरम करणाऱ्या कपडे धुण्याच्या यंत्रात बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते, म्हणून रोजचे कपडे थंड पाण्यात धुवा.

उलट, मोबाइलचा चार्जर दर वेळी सॉकेटमधून काढणं, घरात कोणी दिवा चालू ठेवला की त्याच्या मागे लागणं, चार पैसे वाचवायला तीन दुकानं फिरणं हे सोडून द्या. रिकामा चार्जर वॅटच्या अंशाएवढी वीज खातो. वाचतं नगण्य आणि घरात कटकट मात्र रोज.

खरेदीसाठी प्रतीक्षायादी ठेवा: वस्तू, तारीख, आणि घरातली कोणती वस्तू तेच काम करते. ३० दिवसांनी पुन्हा बघायचं. 'आजच शेवटचा दिवस' अशी सवलत दिसली की ही यादी मोडते. त्यासाठी एकच नियम: जी वस्तू सवलत दिसण्याआधी यादीत नव्हती, ती सवलतीतही घ्यायची नाही.

आणि शिवणटिपण शिका, त्यात मजाही आहे. जाड कापडाचं बटण पुन्हापुन्हा तुटतं कारण ते कापडाला घट्ट चिकटवून शिवलेलं असतं. काजात कापडाला जागा उरत नाही आणि दोरा ताणून झिजतो. बटणावर आडवी काडेपेटीची काडी ठेवून तिच्यावरून दुहेरी दोऱ्याने पाच-सहा टाके घ्या. काडी काढा, बटण वर ओढा, खाली जो दोऱ्यांचा दांडा तयार होतो त्याला पाच-सहा वेढे द्या आणि मग मागे गाठ मारा. पातळ कापड असेल तर मागून छोटं सपाट बटण किंवा कापडाचा तुकडा लावा, नाहीतर दोरा टिकेल पण कापड फाटेल.

कृत्तिका

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण पहिल्या दोघांचं सगळं पाळूनही इथे माणूस घसरतो.

बिनखर्चाच्या गोष्टी गळतात त्या कंटाळवाण्या असतात म्हणून नाही, तर त्यांना आधी तयारी लागते म्हणून. संध्याकाळी दमून आलेल्या माणसासमोर एकीकडे बोट लावलं की घरपोच येणारं काहीतरी असतं, आणि दुसरीकडे 'फिरायला जाऊ'. मग बूट सापडत नाहीत, कुठे जायचं ठरत नाही, सोबतीला कोणी नसतं. ही तयारी आठवड्यातून एकदा ताज्या डोक्याने उरकायची. एका कागदावर १५ मिनिटांच्या, दोन तासांच्या आणि दिवसभराच्या गोष्टी वेगवेगळ्या लिहा. बहुतेकांच्या यादीत पहिला रकाना रिकामा असतो आणि नेमका तोच रोज लागतो. वाचनालयात पुस्तकाला नंबर लावायचा असेल तर एकाच वेळी दोन-तीन पुस्तकांना लावा, म्हणजे एक परत करताना दुसरं हाती येतं आणि मध्ये खंड पडत नाही.

दुसरं कारण सवयीचं. ब्रिकमन आणि कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये मांडलं होतं की चांगल्या बदलाची माणसाला लवकर सवय होते आणि मन पुन्हा आधीच्या पातळीला येतं. कर्जमुक्तीचा आनंदही असाच ओसरतो, आणि ती पोकळी भरायला खरेदी सुरू होते. त्यामुळे आवडती गोष्ट रोज करू नका. आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी ठेवलेली गोष्ट जास्त दिवस गोड लागते आणि तिची वाट बघण्यातही मजा असते. उलट नावडतं काम तुकड्यातुकड्याने करू नका, एका बैठकीत संपवा.

एकच छंद नीट सांगते: आकाश बघणं. अमावास्येच्या आगेमागे चार-पाच दिवस निवडा. अंधाराला डोळे सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि मोबाइलचा पांढरा पडदा एकदा बघितला की ती मेहनत फुकट जाते. इथेच बहुतेक लोक कंटाळून 'काही दिसत नाही' म्हणतात. टॉर्चला लाल जिलेटीन कागदाचे दोन-तीन पदर लावा. अंधुक वस्तूकडे थेट न बघता किंचित बाजूला बघा, कारण कमी उजेडात काम करणाऱ्या पेशी नजरेच्या ऐन मध्यावर नसतात. देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलेक्सी) काळोख्या आकाशात अशीच नुसत्या डोळ्यांना सापडते. तिथून निघालेला प्रकाश पोचायला सुमारे २५ लाख वर्षं लागलेली असतात. कोणाची ७×५० किंवा १०×५० द्विनेत्री (दोन्ही डोळ्यांनी बघायची दुर्बीण; ७ किंवा १० पट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) उसनी मिळाली तर कोपर भिंतीवर टेकवून गुरूकडे बघा. गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले चार उपग्रह टिंबांसारखे ओळीत दिसतात, आणि दुसऱ्या रात्री त्यांच्या जागा बदललेल्या असतात. रोज त्यांचं छोटं चित्र काढायला मुलाला सांगा, आठवडाभरात कुठलं टिंब वेगाने फिरतं ते त्याचं त्यालाच कळेल. मिथुन राशीतला उल्कावर्षाव १३-१४ डिसेंबरच्या रात्री असतो. त्याला द्विनेत्री नकोच, उताणं पडून जास्तीत जास्त आकाश डोळ्यांत घ्यायचं.

धोका एकच: सामान. कुठल्याही छंदात दोन आठवड्यांत यादी तयार होते, दुर्बीण, तिपाई, पिशवी, खास बूट. उसन्या किंवा घरातल्या वस्तूंवर दहा वेळा केल्याशिवाय काही विकत घ्यायचं नाही. दहा वेळा झालं की नेमकं काय अडतं ते समजलेलं असतं, आणि बहुधा ते महागडं नसतंच.

मोकळा_हात

वरच्यांशी बराच सहमत, पण एक सांगतो. महिनाभर 'शून्य खर्च' वगैरे प्रकार सुरू करू नका. कर्ज फेडताना आधीच आवळून राहिलेल्या घरात याचा उलटा परिणाम होतो. महिना संपला की राहिलेलं सगळं एकदम विकत घेतलं जातं. त्यापेक्षा मजेच्या ५ पैकी २-२ मोठ्या दोघांना स्वतंत्र द्या आणि १ मुलाच्या पसंतीच्या कौटुंबिक गोष्टीला ठेवा. दोघांच्या रकमेचा हिशेब एकमेकांना विचारायचा नाही, ही अट लेखी घाला हवं तर! एक जण साठवतो, दुसरा पहिल्याच आठवड्यात उडवतो, आणि दोन्ही बरोबर. उरलेले पैसे पुढे न्यायची मुभा मात्र हवी, नाहीतर महिनाअखेर उगाच संपवले जातात.

मित्रमंडळींच्या खर्चिक बेतांना नुसतं 'नको' म्हटलं की बोलावणी बंद होतात. नकारासोबत दिवस-वेळेसकट दुसरा बेत सांगा: 'तिथे जमणार नाही, पण रविवारी सकाळी सातला टेकडीवर येतोस का?' वेळ न सांगता 'कधीतरी भेटू' म्हटलं तर भेट होत नाही.

नवी_वही

धन्यवाद सगळ्यांना. २-२-१ ची वाटणी घरात मान्य झाली. एक राहिलंच: दोन क्रेडिट कार्डं आहेत, दोन्हींची मर्यादा दरवर्षी वाढत गेली आहे. बंद करू की ठेवू?

जमाखर्च

एक ठेवा, शक्यतो जुनं आणि वार्षिक शुल्क नसलेलं, कारण जुन्या खात्याचा पतइतिहास कामी येतो. त्याची मर्यादा लेखी अर्ज देऊन तुमच्या एका महिन्याच्या खर्चाएवढी खाली आणा आणि आपोआप मर्यादा वाढवण्याची संमती काढून घ्या. मर्यादा फारच खाली आणू नका; दरमहा ती जवळजवळ पूर्ण वापरली जात असेल तर पतगुणांकनावर (क्रेडिट स्कोअरवर) वाईट परिणाम होतो. बिल भरण्याची ऑटो-डेबिट सूचना 'किमान रक्कम' नव्हे तर 'पूर्ण रक्कम' अशी आहे ना ते तपासा. किमान रक्कम भरली की दंड टळतो, पण उरलेल्या बाकीवर व्याज चालू राहतं आणि नव्या खरेदीलाही बहुधा बिनव्याजी मुदत मिळत नाही.

दुसरं बंद करताना घाई नको. त्यावर बाकी ओढलेली होती का? असेल तर बिल निघाल्याच्या तारखेपासून तुम्ही पैसे भरले त्या दिवसापर्यंतचं व्याज त्या बिलात नसतं, ते पुढच्या बिलात येतं. लोक बिल भरून कार्ड कापून टाकतात, ती छोटी रक्कम थकते, तिच्यावर विलंब शुल्क चढतं आणि पतअहवालात थकबाकीची नोंद पडते. आधी त्या कार्डावरची वर्गणी, आपोआप जाणारी बिलं दुसरीकडे वळवा. मग लागोपाठ दोन बिलं शून्य येऊ द्या, त्यानंतर बंद करण्याचा अर्ज द्या, आणि बंद झाल्याचं लेखी उत्तर कर्जाच्या दाखल्यासोबत एकाच फायलीत लावा.