मदत हवी आहे : सासू, दीर, जाऊ, सून यांची मूळ भारोपीय रूपांपर्यंतची साखळी कुणी तपासून देईल का?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयात मराठी भाषा गौरव दिनाला, म्हणजे २७ फेब्रुवारीला, सासरच्या नात्यांचा एक तक्ता लावायचा आहे. मराठी शब्द, त्यामागे प्राकृत आणि संस्कृत, आणि शेजारी लॅटिन, ग्रीक, रशियन, लिथुआनियन भाषांतले त्याचे सगेसोयरे. या सगळ्या भाषा जिच्यापासून निघाल्या ती मूळ भाषा म्हणजे भारोपीय. भिंतीवर लागलेलं मुलं वहीत उतरवून घेतात, म्हणून कच्चं काही जायला नको.

मातृ–मदर, पितृ–फादर सगळ्यांना पाठ असतं. पण घरात आपण आई-बाबा म्हणतो. बहीणसुद्धा 'भगिनी'वरून आली; 'सिस्टर'चा सख्खा शब्द 'स्वसृ' बोलण्यातून गेला. तो उरला मावशीत! मातृष्वसृ, आईची बहीण, तीच मावशी. सासरच्या माणसांची नावं मात्र आपण अजून जुनीच वापरतो. इंग्रजीनं ती टाकून सगळ्यांना 'इन-लॉ' जोडलं. मराठीचा हा ठेवा मुलांना कळावा असं मनापासून वाटतं.

जमलेलं आधी सांगतो. सून : स्नुषा → सुण्हा → सून. लॅटिन नुरुस, ग्रीक न्युओस, रशियन स्नोखा. लॅटिनमध्ये दोन स्वरांमधल्या 'स'चा 'र' होतो, संस्कृतात 'उ'नंतरच्या 'स'चा 'ष' होतो. दोन्ही नियम उलटे फिरवले की 'स्नुस-' हाती लागतं.

दीर : देवृ, देवर. लिथुआनियन दिएवेरिस, होमरच्या ग्रीकमध्ये दाएर. लॅटिन लेविरमध्ये 'द'च्या जागी 'ल' आहे, पण लॅटिननं 'जीभ' या अर्थाच्या दिंगुआचंही लिंगुआ केलं, त्यामुळे तो खटकत नाही.

सासू-सासरा : श्वश्रू, श्वशुर. लॅटिन सोक्रुस, सोकेर, ग्रीक हेक्युरोस, जर्मनमध्ये श्वीगरमुटर. संस्कृतातला पहिला 'श' मुळात 'स' होता आणि पुढच्या 'श'मुळे बदलला, असं मी लिहिलंय. अवेस्ताच्या, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथाच्या, भाषेतलं ख्वसुर हे रूप त्याला दुजोरा देतं, कारण तिथला 'ख्व' मूळ 'स्व'पासून येतो.

आता अडलेलं :

जाऊ. संस्कृत 'यातृ'वरून हे सरळ आहे, यात्रेची जत्रा झाली तसंच. पण लॅटिन यानित्रीकेस, लिथुआनियन येंते, ग्रीक एइनातेरेस या सगळ्यांत 'न' आहे. संस्कृतातला 'न' गेला कुठे?

दुसरं, रशियन सासू 'स्वेक्रोव'. जिथे संस्कृतात 'श' तिथे रशियनमध्ये 'स' हवा (दश – द्येस्यत, शत – स्तो). मग इथे 'क' कसा?

तिसरं, जावई. जामातृ, लॅटिन गेनेर, ग्रीक गाम्ब्रोस. एका ओळीत लावू का?

कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश माझ्याकडे आहे, टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा कोशही चाळला. पण हे तीन प्रश्न संस्कृताच्या अलीकडचे नसून पलीकडचे आहेत.

प्रतिसाद १

जाऊबाईंचं उत्तर तुमच्या पाठांतरातच आहे. जन् – जात, खन् – खात. इथेही 'न' जाऊन 'आ' दीर्घ होतो, कारण त्या 'न'ला स्वर नव्हता आणि त्याच्या लगेच पुढे एक आता लुप्त झालेला कंठ्य ध्वनी होता. यातृ अगदी तसाच. हा ध्वनी स्विस भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरनं १८७९ साली केवळ हिशोबानं मांडला. पुढे १९२७ मध्ये पोलिश भाषाशास्त्रज्ञ कुरिवोविचनं तो हित्ती या प्राचीन भारोपीय भाषेत प्रत्यक्ष दाखवला. तक्त्यात यातृशेजारी जन् – जात जरूर लिहा, मुलांना नियम दिसेल.

स्वेक्रोवबद्दल : पुढे लगेच 'र' असला की स्लाव्हिकमध्ये, म्हणजे रशियनच्या भाषाकुळात, हा तालव्य ध्वनी (ज्याचा संस्कृतात 'श' झाला तो) कधी कधी साधा 'क' म्हणून राहतो. सासूच्या शब्दात 'क्र' होता, तिथून तो सासऱ्याच्या 'स्व्योकर'मध्ये गेला असं स्पष्टीकरण देतात. लिथुआनियन शेशुरासमध्ये अपेक्षित 'श' आहेच, तोही लावा.

प्रतिसाद २

जावई एका ओळीत लावू नका. अर्थ जुळतो, तोंडवळाही जुळतो, पण ध्वनी नियमानं जुळत नाहीत. प्रत्येक भाषेनं तो शब्द आपापल्या परीनं घडवलेला दिसतो. जामातृ आणि अवेस्तातलं झामातर एवढी जोडी पक्की.

आणि एक भर. तुमच्या यादीतली पक्की नावं सुनेच्या नजरेतून सासरची आहेत. बायकोच्या माहेरच्यांसाठी अशी भक्कम रूपं जवळपास मिळत नाहीत. आपला मेहुणा 'मैथुन'वरून, म्हणजे पुढे घडलेला. जर्मन भाषाशास्त्रज्ञ डेलब्रूकनं १८८९ मध्ये नात्यांच्या शब्दांचा मोठा अभ्यास केला, तेव्हापासून यावरून अनुमान काढतात की त्या समाजात मुलगी नवऱ्याच्या घरी नांदायला जात असावी. हे तक्त्यात आलंच पाहिजे.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. जन् – जात आजच लिहून टाकतो, जावई वेगळ्या चौकटीत. नणंद राहिली : ननान्दृ → नणंद. हिला भारताबाहेर कुणी आहे का?

प्रतिसाद १

सर्वमान्य असं कुणी नाही. तिची ओळ संस्कृतापाशी थांबवा आणि पुढचे रकाने रिकामे ठेवा.