डुकरांसाठी सायलेन्सरवाली बंदूक: कोणती घ्यावी?

बागवाला_देवगड:
नमस्कार मंडळी. कलमांच्या बागेखाली आमचा भाताचा मळा आहे. दाणा भरला की रानडुकरं एका रात्रीत सगळं लोळवून टाकतात. सुरण-कणगरांची आशा तर सोडलीच. वडिलांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक आहे, पण बार काढला की शेजारच्या गोठ्यातली गुरं दावी तोडायला बघतात, शिवाय तिथे एक आजी अंथरुणाला खिळलेल्या आहेत. परदेशात हेच काम धंदा म्हणून करणारे लोक सायलेन्सर वापरतात. आपल्याकडे काय घ्यावं?

सड्यावरचो:
सायलेन्सराचो नाद सोड रे बाबा. वांदरांका आवाजाचाच भय. आवाजच काढून टाकलास तर बंदुकीक इचारतलो कोण?

जुना_परवानाधारक:
वानरांचं खरं आहे, पण प्रश्न डुकरांचा आहे, म्हणून नीट लिहितो.

सायलेन्सर घेऊच नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात आवाज किंवा ज्वाळा कमी करणारा जोडभागही 'अग्निशस्त्र' याच व्याख्येत येतो. म्हणजे नुसती नळकांडी विनापरवाना घरात ठेवली तरी गुन्हा. कोणी लेथवर करून देतो म्हणाला तर त्याच्या वाटेलाही जाऊ नका, वडिलांचा परवाना जाईल. अमेरिकेतसुद्धा १९३४ च्या कायद्याखाली त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते.

आणि सिनेमात दाखवतात तसा तो मुका नसतो. बारा बोअरच्या छऱ्याच्या बंदुकीचा बार १५० डेसिबलच्या वर जातो, सायलेन्सरने साधारण २० ते ३५ उतरतो. गोळी सेकंदाला ३४० मीटरहून वेगात गेली तर तिचा हवेतला कडाका वेगळाच, तो कशानेच थांबत नाही. गुरं दचकायची ती दचकणारच. तुमच्या स्वतःच्या कानांसाठी मात्र चांगले इअरमफ घ्या, ते न चुकता.

आता जास्त महत्त्वाचं. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची २ मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर त्याच कायद्याच्या कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी लागते. आधी परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. भरपाईसाठीही तिथेच जायचं, आणि पंचनामा होईपर्यंत मळा आवरू नका. मारलेलं जनावर सरकारचं, मटण वाटून घेतलंत तर तो वेगळा गुन्हा.

काजूवाडी_लांजा:
बंदुकीआधी सौर कुंपण करून बघा, भाऊ. आवाज नाही, आजींना त्रास नाही. सगळ्यात खालची तार जमिनीपासून वीतभरच ठेवा, डुक्कर नाक घालतं ते तिथेच. पावसाळ्यात गवत तारेला टेकलं की झटका मरतो, त्यामुळे दर आठवड्याला कोयती फिरवायलाच हवी. कातळावर अर्थिंग धरत नाही. सळ्या ओलाव्याच्या जागी, विहिरीच्या पाणंदीकडे ठोका आणि उन्हाळ्यात तिथे पाणी ओता. घरातली लाईट तारेत सोडण्याचा विचारही नको, त्यात माणसं मेली आहेत.

बागवाला_देवगड:
खूप आभार, काका आणि भाऊ. सायलेन्सर रद्द. सोमवारी वनखात्यात अर्ज देतो, कुंपणाचं कोटेशनही मागवतो. निवडणुकीत बंदूक जमा करावी लागली तर?

जुना_परवानाधारक:
आदेश आला की पोलीस ठाण्यात जमा करा, पावती जपून ठेवा. हंगाम तोंडावर असेल तर सूट मिळावी म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात आधीच लेखी अर्ज द्या, सोबत सातबारा आणि पंचनाम्याची प्रत जोडा.