गिअर, घाट आणि बॅटरी : गाडी चालवताना तुमच्या हातापायाला काय जाणवतं?

धागाकर्ता, कोथरूड

इलेक्ट्रिक गाडीबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक हिशोबाचं असतं. किलोमीटरला किती रुपये, चार्जर कुठे, बॅटरी किती वर्षं. तो हिशोब इथे नको. आमच्या घरी दोन गाड्या आहेत : मी चालवतो ती पाच गिअरची पेट्रोल, बायको चालवते ती इलेक्ट्रिक. मुळशीचं धरण मागे टाकून ताम्हिणीचा उतार सुरू झाला की मी वळणाच्या अलीकडे तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येतो. इंजिनाचा आवाज चढतो, नाक किंचित दबतं, आणि वळणात शिरण्याआधीच मला कळलेलं असतं की गाडी किती वेग सोसणार आहे. हे आधी कळणं हेच माझं चालवण्याचं सुख.

बायकोच्या गाडीत ते कधी मिळतं, कधी अजिबात मिळत नाही. असं का, हे मला मनापासून समजून घ्यायचंय. म्हणून गाडी कुठली, रस्ता कुठला आणि काय जाणवलं ते सविस्तर लिहा. एकमेकांना म्हातारे किंवा खेळण्यातले ड्रायव्हर म्हणू नका, एवढीच विनंती.

सेवानिवृत्त, नारायण पेठ

मी शिकलो प्रीमियर पद्मिनीवर. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, कॉलमला. पायापाशी दांडा नसल्यामुळे पुढची सीट सलग असायची आणि पुढे तिघं बसायचे. पॉवर स्टिअरिंग नव्हतं. लकडी पुलावरून डेक्कनकडे वळताना रस्ता कोरडा आहे की ओला हे तळहाताला समजायचं, कारण चाक आणि हात यांच्यामध्ये कुणी मदतनीसच नव्हता. दमायला व्हायचं, पण गाडी काय म्हणतेय याबद्दल कधी शंका राहिली नाही.

मुलाची नवी पेट्रोल गाडी मॅन्युअल आहे, पण स्टिअरिंग इतकं हलकं की मला त्यातून काहीच ऐकू येत नाही. तेव्हा नुसता गिअर असला म्हणजे सगळं आलं, असं मी मानत नाही.

मोटर ड्रायव्हिंग स्कूल, हडपसर

मी शिकवते. पहिल्या दिवशी विद्यार्थ्याला ॲक्सिलरेटरला पायच लावू देत नाही. इंजिन चालू, पहिला गिअर, आणि क्लच मुंगीच्या पावलानं सोडायचा. एका जागी स्टिअरिंग थरथरतं, इंजिनाचा सूर खाली उतरतो, गाडीचं नाक जरा उचलल्यासारखं वाटतं. तिथे पाय थांबवायचा. हा 'हाफ क्लच' एकदा सापडला की हडपसरच्या उड्डाणपुलाच्या चढावर, मागे बस चिकटलेली असतानाही माणूस घाबरत नाही.

हल्ली चौकशीलाच विचारतात, "मॅडम, ऑटोमॅटिकवरच शिकवाल का?" २०१४ साली मारुतीनं सेलेरिओमध्ये एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप सांभाळणारी यंत्रणा, आणली तेव्हापासून स्वस्त गाडीतही क्लच पेडल नसण्याची सोय झाली, आणि मागणी बदलत गेली. मी त्यांना म्हणते, घ्या हवी ती, पण शिका क्लचवर. ज्यानं क्लच सोडताना इंजिनाचं ऐकलंय तो पुढे कुठल्याही गाडीचं ऐकतो. एएमटीत शिकलेली मुलं पुढच्या गाडीकडे बघतात, स्वतःच्या गाडीकडे त्यांचं लक्ष नसतं. हे माझं निरीक्षण आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

खराडी ते हिंजवडी, रोज

हडपसरच्या ताई, तुमचा मान राखून थोडं वेगळं सांगतो. माझी टाटाची पहिल्या पिढीची नेक्सॉन ईव्ही आहे, इलेक्ट्रिक, ३०.२ किलोवॉट-तासांच्या बॅटरीची. विद्यापीठ चौकातल्या गर्दीत क्लच दाबून दाबून डाव्या पायाला गोळे यायचे, आणि त्या थकव्यात कसली आली जाणीव? आता सगळं उजव्या पायात आलंय. पाऊल जरा उचललं की गाडी धरते, जरा टेकवलं की पुढे येते, आणि मध्ये कुठेही खंड नाही. मोटरला २४५ न्यूटन-मीटरचा जोर मिळतो तो उभ्या गाडीपासूनच. खंबाटकीत पाच माणसं, सामान आणि एसी असतानाही "आता कुठला गिअर" हा प्रश्नच पडत नाही. ही जाणीव नाही असं कुणी म्हटलं तर मला पटत नाही. ही वेगळी जाणीव आहे, तिला सवय लागते.

एक गोष्ट मात्र घाटात जाणाऱ्यांनी लिहून ठेवा. महाबळेश्वरला मुक्कामी पूर्ण चार्ज करून सकाळी पसरणीचा घाट उतरायला घेतला, तर पाऊल उचलल्यावर गाडी नेहमीसारखी धरत नाही. मोटर उलट वीज तयार करते तीच तर आपल्याला ब्रेकसारखी जाणवते. बॅटरीच भरलेली असेल तर ती वीज जाणार कुठे? म्हणून मी वर मुक्काम असेल तर बॅटरीत जागा ठेवूनच निघतो.

वाहतूक व्यवसाय, कात्रज

वरचं वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. वडील ट्रक चालवायचे. त्यांच्या काळी खालचा गिअर टाकायला क्लच दोनदा दाबावा लागे : एकदा न्यूट्रलला आणताना, मग न्यूट्रलमध्येच ॲक्सिलरेटर देऊन इंजिनाचा वेग जुळवायचा, आणि पुन्हा क्लच दाबून गिअर. कानानं चालायचं सगळं. त्यांचा नियम एकच : ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंतचा उतार आपण सगळे ओळखतो. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेले जड ट्रक तिथल्या अपघातांत पुन्हा पुन्हा सापडले आहेत. न्यूट्रलमध्ये इंजिन काहीच धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, आणि तापलेला ब्रेक लागत नाही. बरं, वाचतं तरी काय? आजच्या इंजिनात उतारावर गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन तोडलंच जातं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतं. हे प्रत्येक ड्रायव्हरच्या डोक्यात बसलं पाहिजे. माझ्यासाठी 'ड्रायव्हिंग फील' म्हणजे हीच गोष्ट, बाकीच्या गोष्टी हौसेच्या.

धागाकर्ता

कात्रजच्या दादांचा प्रतिसाद प्रत्येकानं घरातल्या नव्या ड्रायव्हरला वाचून दाखवावा. नारायण पेठेतल्या काकांच्या मुद्द्यावर कुणी जाणकार लिहील का? स्टिअरिंग मुकं का झालं?

चाचणी अभियंता, चाकण

प्रयत्न करतो. जुन्या पॉवर स्टिअरिंगमध्ये तेलाचा पंप इंजिनावर सतत फिरायचा, मदत लागो न लागो. त्यात इंधन जायचं. विजेवरचं स्टिअरिंग गरजेपुरतीच वीज घेतं, म्हणून सगळीकडे तेच आलं. पण त्यात मदत किती द्यायची हे सॉफ्टवेअर ठरवतं, आणि रस्त्याची बारीक थरथर हातापर्यंत येण्याआधी बरीच गाळली जाते. ही गोष्ट पेट्रोल आणि इलेक्ट्रिक दोघांत सारखी आहे. त्यामुळे हरवलेल्या जाणिवेचं सगळं खापर बॅटरीवर फोडणं अन्यायाचं आहे.

बॅटरीचं स्वतःचं काम दुधारी. ती तळाला असते, त्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणात ती कमी कलते. ताम्हिणीत तुम्हाला बायकोच्या गाडीत कधीकधी जे आवडतं ते बहुधा हेच. पण तेच वजन सावरायला स्प्रिंग कडक लागतात, मग आपल्या सोसायट्यांतले स्पीडब्रेकर पाठीला कळतात. गिअरचं म्हणाल तर बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत एकच स्थिर गुणोत्तर असतं, कारण मोटर शून्यापासून फार मोठ्या वेगापर्यंत जोर देते. पोर्शच्या टायकानला मागच्या ॲक्सलवर दोन गिअर आहेत, ते अपवादच. ह्युंदाईच्या आयोनिक ५ एनमध्ये तर सॉफ्टवेअरनं आठ गिअरचा भास करून दिलाय, झटका आणि आवाजासकट. मला त्यात फसवणूक दिसत नाही. कान आणि पाठ वेगाचा अंदाज घेण्यात किती वाटा उचलतात, हे त्या अभियंत्यांनी ओळखलं.

गृहिणी, सहकारनगर

माझ्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि क्लच सुटला. रिक्षा, जावई, शेजारी, सगळ्यांच्या वेळा सांभाळत राहिले. मग मुलीनं तिची इलेक्ट्रिक गाडी हातात दिली. पर्वतीच्या पायथ्याला एक फेरी मारली आणि घरी येऊन देवापुढे दिवा लावला. आता मी दिवेघाटातून सासवडला माहेरी एकटी जाते. गुडघा चांगला होता तेव्हा मलाही गिअर आवडायचे, पण गाडी स्वतः चालवत माहेरी पोचण्याचा आनंद मला क्लचशिवायही तेवढाच मिळतो. या धाग्यावर हेही असू द्या.

नोकरीला नुकताच लागलेला, वाकड

मी उलट्या दिशेनं चाललोय. पहिल्या पगारांतून साठवून जुनी फियाट पुंटो घेतली, १.३ डिझेल. स्टिअरिंग तेलावरचं, जड आणि बोलकं. काका, एकदा येऊन चालवून बघा, तुम्हाला नक्की आवडेल. दोन हजार आरपीएमपर्यंत गाडी शांत असते, मग टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, उठतो आणि गाडीला जोर येतो. पानशेतच्या रस्त्यावर वळणातून बाहेर पडताना तो नेमका उठावा म्हणून गिअर आधी निवडावा लागतो. एकदा जमलं की पूर्ण सकाळ चांगली जाते.

ही गाडी बनायची रांजणगावला, आणि खराडीच्या दादांची नेक्सॉनही रांजणगावचीच. मला इलेक्ट्रिकचा राग नाही, रोजची गाडी म्हणून पुढेमागे घेईनही. पण मॅन्युअल, बोलकं स्टिअरिंग आणि हलकं वजन एकत्र असलेल्या गाड्या नव्या मिळणं अवघड होत चाललंय. असलेल्या जपायला हव्यात. पुण्यात क्लचचं आणि टर्बोचं काम मन लावून करणारे मेकॅनिक अजून आहेत, त्यांच्याकडे जात राहा. काम आलं नाही तर तेही उद्या हे काम सोडतील.